‘मुस्लिम रेजिमेंट’चं सेंटर कुठल्या गावात होतं?

पंधरा ऑगस्ट जवळ आला, सीमेवर काही घडलं किंवा निवडणुकीचं वातावरण तापलं की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो. भारतीय सैन्यात १९६५ पर्यंत ‘मुस्लिम रेजिमेंट’ होती. त्या वर्षी पाकिस्तानशी युद्ध जुंपलं तेव्हा तिच्यातल्या हजारो सैनिकांनी लढायला नकार देऊन शस्त्रं खाली ठेवली. सरकारने ती गुपचूप मोडून टाकली. म्हणूनच आज शीख, जाट, डोग्रा, मराठा रेजिमेंट आहेत पण मुस्लिम नाही, आणि तेव्हापासून मुसलमान सैनिकाला पाकिस्तानसमोर उभं करत नाहीत. शेवटी नेहमीचं शेपूट: खरा इतिहास दडपला गेला, पुढे पाठवा.

ऑक्टोबर २०२० मध्ये शंभराहून जास्त निवृत्त सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी राष्ट्रपतींना आणि पंतप्रधानांना पत्र लिहून ही अफवा थांबवा म्हणून विनंती केली होती. त्यात माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल रामदासही होते. निवृत्तीनंतर ते आपल्याकडे अलिबागजवळच राहत. पत्राची बातमी आली आणि विरली, फॉरवर्ड मात्र जिवंत आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘१९६५ पर्यंत मुस्लिम रेजिमेंट होती.’

नव्हती. १९६५ मध्ये नाही, १९४७ मध्ये नाही, आणि इंग्रजांच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतल्या कायम सैन्यातही नाही.

आधी रेजिमेंट म्हणजे काय ते पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. आपल्या पायदळात रेजिमेंट हे एक कुटुंब असतं. तिला एक सेंटर असतं, तिथे रंगरूट तयार होतात. शेजारी रेकॉर्ड ऑफिस असतं, तिथे प्रत्येक जवानाची भरतीपासून पेन्शनपर्यंतची कागदपत्रं राहतात. मराठ्यांचं सेंटर बेळगावला, महारांचं सागरला, ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, गढवालचं लॅन्सडाउनला. लढायला जाते ती पलटण, म्हणजे बटालियन: साधारण आठशे माणसं. एका ब्रिगेडमधल्या तीन पलटणी बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या रेजिमेंटच्या असतात. त्यामुळे अख्खी रेजिमेंट एका ठिकाणी उभी राहून ‘आम्ही लढत नाही’ म्हणतेय, हे दृश्य मुळात बसतच नाही. तिच्या पलटणी नेफापासून, म्हणजे आजच्या अरुणाचलपासून, कच्छपर्यंत विखुरलेल्या असणार.

साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात हा फॉरवर्ड वाचून दाखवा. पहिला प्रश्न येईल, ‘सेंटर कुठं हुतं तिचं?’ दुसरा प्रश्न, ‘पेन्शनचे कागद कुठून यायचे?’ हजारो माणसांची रेजिमेंट असेल तर तिच्या विधवांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, कुठल्यातरी रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का असायला हवा. फॉरवर्डमध्ये सेंटरचं गाव नाही, पलटणीचा नंबर नाही, सीओचं, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाचं, नाव नाही, सेक्टर नाही.

इंग्रजांनी मुसलमान सैनिक ठेवले कसे, हे बघितलं की ‘होती आणि मोडली’ हा दावा पूर्ण कोसळतो. त्यांची आवडती पद्धत होती ‘क्लास कंपनी’. एकाच पलटणीत एक कंपनी शिखांची, एक डोग्रांची, दोन पंजाबी मुसलमानांची, असं मिश्रण. हेतू उघड होता: एक समाज बिथरला तर दुसरा हाताशी हवा. आपल्या मराठा पलटणीही अशाच होत्या. पहिल्या महायुद्धापूर्वी त्यांच्यात दख्खनी आणि कोकणी मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्या हालांत आपल्याकडचे मुसलमान शिपाईही होते. तुर्कस्तानचा सुलतान तेव्हा खलिफा, म्हणजे मुसलमानांचा धर्मप्रमुख, होता, हेही जाता जाता ध्यानात ठेवावं.

संपूर्ण मुसलमान पलटण होती, तिचा शेवट कसा झाला तेही नोंदलेलं आहे. फिफ्थ लाइट इन्फन्ट्री ही पलटण सिंगापूरला होती. १५ फेब्रुवारी १९१५ ला तिच्यातल्या बऱ्याच शिपायांनी बंड केलं. पलटण खरं तर हाँगकाँगला निघाली होती, पण आपल्याला तुर्कांशी लढायला नेताहेत अशी कुजबुज बराकीत पसरली होती. बंड मोडलं, चौकशी झाली, सत्तेचाळीस जणांना भर लोकांसमोर गोळ्या घातल्या. उरलेली पलटण कॅमेरूनला आणि पूर्व आफ्रिकेत लढायला पाठवली आणि १९२२ मध्ये बरखास्त केली. त्या वर्षीच्या पुनर्रचनेनंतर इंग्रजांनी फक्त मुसलमानांची अशी पायदळाची रेजिमेंट कायम सैन्यात ठेवली नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या, साम्राज्याच्या टोकाला झालेल्या बंडाची तारीख, कारण, शिक्षा सगळं सापडतं. मग १९६५ च्या तथाकथित बंडाचा एक कागद सापडू नये?

फाळणीची वाटणीही याच मिश्रणामुळे कटकटीची झाली. पायदळाच्या आठ रेजिमेंट पाकिस्तानात गेल्या, बाकीच्या इकडे राहिल्या. पण रेजिमेंट उचलून देऊन भागणार नव्हतं. कंपन्या सोडवून काढाव्या लागल्या. पाकिस्तानला गेलेल्या पंजाब आणि फ्रंटियर फोर्सच्या पलटणींतले शीख आणि डोग्रे इकडे आले. राजपूत रेजिमेंटमधले पंजाबी मुसलमान तिकडे गेले आणि त्यांच्या जागी गुर्जर आले. ‘मुस्लिम रेजिमेंट’ नावाची गोष्ट असती तर त्या वाटाघाटीत ती पहिल्या दिवशी पाकिस्तानने मागितली असती.

‘हजारो सैनिकांनी शस्त्रं टाकली.’

हजारो म्हणजे किती, ते फॉरवर्डागणिक बदलतं. वीस हजार धरले तर त्या पंचवीस पलटणी झाल्या. ऐन युद्धात पंचवीस पलटणी फळीतून गळल्या आणि पाकिस्तान रेडिओने त्यावर चकार शब्द काढला नाही, हे कुणाला पटतं? त्या दिवसांत ते लोक न जिंकलेली गावंसुद्धा जिंकल्याचं सांगत होते.

दडपलं म्हणावं तर १९६५ च्या चुका कुणी झाकलेल्या नाहीत. लाहोरजवळच्या इच्छोगिल कालव्याच्या आघाडीवर १५ व्या डिव्हिजनचे जनरल निरंजन प्रसाद यांना युद्ध सुरू असतानाच हटवलं, हे उघड आहे. पश्चिम कमांडचे प्रमुख हरबक्षसिंग यांनी नंतर लिहिताना कुठल्या पलटणी डगमगल्या, कुठे मागे आल्या, हे नावानिशी आणि बोचऱ्या शब्दांत लिहिलं. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने या युद्धाचा अधिकृत इतिहास तयार केला, त्यातही अपयशं आहेत. शीख, गोरखा, डोग्रा, कुणालाच या मंडळींनी पाठीशी घातलेलं नाही. मुस्लिम रेजिमेंट मात्र कुठेच नाही.

आता जाणता माणूस इथे एक आक्षेप काढेल, आणि तो रास्त आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये मुजफ्फराबादच्या बाजूला जम्मू-काश्मीर संस्थानच्या चौथ्या पलटणीतले मुसलमान शिपाई पाकिस्तानकडून आलेल्या टोळीवाल्यांना जाऊन मिळाले. त्यांनी त्यांचे कमांडर कर्नल नारायणसिंग यांना मारलं. पुढच्या महिन्यात गिलगिट स्काउट्सनेही बंड केलं. हे खरं आहे. पण ती महाराजा हरिसिंगांची फौज होती. मुजफ्फराबादची घटना विलीनीकरणाच्या चार दिवस आधीची, तेव्हा भारतीय सेनेचा एक जवानही काश्मीरमध्ये उतरलेला नव्हता. या घटनेला कुणी अठरा वर्षं पुढे ओढून १९६५ मध्ये नेऊन बसवलं असेल तर नवल नाही, पण ती भारतीय सैन्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

आणि भारतीय सैन्यात खरोखर बंड झालं तेव्हा काय झालं? जून १९८४ मध्ये, सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर, शीख रेजिमेंटच्या काही सैनिकांनी बंड केलं. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या रामगढच्या सेंटरमध्ये कमांडंट ब्रिगेडियर पुरी मारले गेले. वर्तमानपत्रांत आलं, कोर्टमार्शल झाली. शीख रेजिमेंट बरखास्त केली गेली नाही, आणि कुणी तिच्याबद्दल देशद्रोहाचे फॉरवर्डही पाठवत नाही. पाठवू नयेतच.

‘१९६५ मध्ये मुसलमान सैनिक पाकिस्तानशी लढले नाहीत.’

अब्दुल हमीद यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण ते नेमकं काय करत होते, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं.

हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, ४ ग्रेनेडियर्समध्ये कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. म्हणजे कागदोपत्री काम रसद आणि सामानाचं. पण १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेवर त्यांचा हात बसलेला होता, म्हणून त्या तोफांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ही तोफ जीपवर बसवतात. तिला मागे धक्का बसत नाही, कारण उडालेल्या दारूचा भडका मागच्या तोंडाने बाहेर पडतो. किंमत अशी की त्या भडक्याने जीपमागे धुळीचा लोट उठतो आणि शत्रूला मैलभरावरूनही तुमची जागा कळते. एक गोळा मारायचा आणि पुढच्या क्षणी जीप हलवायची. दुसरा मारायचा, पुन्हा हलवायची. जीपला चिलखत नाही. समोर पॅटन रणगाडे.

१० सप्टेंबर १९६५, खेमकरण सेक्टर, चीमा गाव. असल उत्तर या गावाच्या भोवती भारतीय सैन्याने घोड्याच्या नालेसारखी रचना केली होती, शेतांत पाणी सोडून जमीन चिखलाची केली होती आणि ऊस उभा होता. पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन त्यात शिरली. हमीद यांच्या परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात घटनाक्रम स्पष्ट आहे. त्यांनी बाजूला जीप नेऊन पुढचा रणगाडा उडवला, जागा बदलून दुसरा पेटवला. तोवर त्यांची जीप हेरली गेली, मशीनगन आणि तोफगोळ्यांचा मारा सुरू झाला, आणि ते आणखी एका रणगाड्यावर मारा करत असताना गोळा लागला. सात रणगाडे, आठ रणगाडे असे आकडे नंतर चिकटत गेले. त्यांची गरज नाही.

हमीद हे एकटेच, अपवाद म्हणून सांगितले जातात. ‘एक हमीद सोडला तर’ हे त्याच फॉरवर्डचं धाकटं भावंड. एकटे नव्हते. ग्रेनेडियर्समध्ये मुसलमानांच्या कंपन्या पूर्वीपासून आहेत. राजस्थानातले झुंझुनू, सीकर, चुरू इथले कायमखानी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या तिथे आणि घोडदळात भरती होतात. सियालकोट आघाडीवर १६ कॅव्हलरीचे मेजर एम. ए. आर. शेख रणगाड्यांच्या लढाईत पडले, त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

आणि मग बुटूर डोग्रांडी. हे नाव आपल्याकडे माहीत असायला हवं, कारण पूना हॉर्सचे कर्नल आर्देशीर तारापोर तिथे १६ सप्टेंबरला गेले. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले पारशी. त्यांनाही परमवीर चक्र. पाकिस्तानातल्या चविंडाच्या बाजूच्या या खेड्यावर पूना हॉर्सचे रणगाडे आणि ८ गढवाल रायफल्सचं पायदळ मिळून चढले होते. गढवालचे सीओ होते कर्नल झिराड, बेने इस्राएली ज्यू. आडनावावरून ओळख पटेल. अलिबाग तालुक्यात झिराड गाव आहे. तोफांच्या भडिमारात झिराड पडले. पलटणीची कमान हाती घेतली ती टूआयसी, म्हणजे पलटणीचे उपप्रमुख, मेजर अब्दुल रफी खान यांनी, आणि त्याच लढाईत तेही गेले. मरणोत्तर वीरचक्र. गढवालच्या पहाडी हिंदू जवानांची पलटण, एका ज्यू अधिकाऱ्यानंतर एका मुसलमान अधिकाऱ्याच्या हुकमावर पाकिस्तानी रणगाड्यांसमोर टिकून राहिली. ज्यांच्या हाती पलटण दिली जाते, त्यांच्या समाजाने तेव्हा शस्त्रं टाकली होती म्हणे.

युद्धाला तोंड फुटलं तेही आठवावं. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने वेषांतर करून हजारो घुसखोर काश्मीरमध्ये पाठवले. तिथली मुसलमान जनता उठाव करेल हा सगळा हिशोब. ५ ऑगस्टला तंगमर्गजवळ महंमद दीन नावाच्या गुराखी तरुणाने ही माणसं पाहिली आणि जाऊन पोलिसांना सांगितलं. हिशोब तिथेच चुकला.

‘म्हणूनच आज मुस्लिम रेजिमेंट नाही.’

हा भाग सगळ्यात चलाख आहे, कारण आज मुस्लिम रेजिमेंट नाही हे खरंच आहे. कारण मात्र वेगळं. स्वातंत्र्यानंतर जातीच्या किंवा धर्माच्या नावाने नवी रेजिमेंट उभारायची नाही असं धोरण ठरलं. करिअप्पा सेनाप्रमुख झाले त्याच वर्षी, १९४९ मध्ये, ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स उभी राहिली. तिच्यात सगळ्या समाजांचे जवान. जुन्या रेजिमेंटची नावं परंपरा म्हणून राहिली. नवी उभारली ती जात-धर्माच्या नावाने नाही, जसं १९७० ची नागा रेजिमेंट. यादव किंवा अहीर रेजिमेंट हवी ही मागणी कित्येक वर्षांची आहे, तीही मान्य झालेली नाही.

ब्राह्मण रेजिमेंट तरी कुठे आहे? इंग्रजांकडे होती. थर्ड ब्राह्मन्स १९२२ मध्ये मोडली, फर्स्ट ब्राह्मन्स १९३१ मध्ये. चांभार रेजिमेंट १९४३ मध्ये उभी राहिली आणि १९४६ मध्ये बरखास्त झाली. या बरखास्तीच्या नोंदी आहेत, कारणं आहेत, आणि कुणी त्यावरून त्या समाजांना गद्दार ठरवत नाही.

शिवाय नावावरून आत कोण आहे ते कळत नाही. महार रेजिमेंटमध्ये आज देशभरातल्या सगळ्या जातींची मुलं आहेत. राजपुताना रायफल्समध्ये जाट भरपूर. जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्रीत साधारण निम्मे जवान मुसलमान आहेत, नावात धर्माचा पत्ता नाही.

सैन्यात मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कमी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सैन्य धर्मवार आकडे देत नाही. २००६ मध्ये मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने मागितले तेव्हा सेनाप्रमुख जे. जे. सिंग यांनी अशा मोजणीलाच विरोध केला. पण कमी का, याचं मोठं उत्तर नकाशात आहे. फाळणीपूर्वी सैन्यात सुमारे एक तृतीयांश मुसलमान होते आणि त्यातले बहुसंख्य रावळपिंडी, झेलम, अटक या पट्ट्यातले. तो पट्टाच पाकिस्तानात गेला. इकडे राहिलेल्या मुसलमानांमध्ये भरतीची परंपरा काही थोड्या जिल्ह्यांपुरती होती. त्यापुढच्या काळात भरतीत भेदभाव झाला का, हा वादाचा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर बोलायला हरकत नाही. फक्त त्याला १९६५ च्या बनावट बंडाचा टेकू देऊ नये.

‘तेव्हापासून त्यांना पाकिस्तानसमोर पाठवत नाहीत.’

‘तेव्हापासून’च्या आधीचंही थोडं. ब्रिगेडियर उस्मान बलुच रेजिमेंटचे. रेजिमेंट पाकिस्तानला गेली, ते गेले नाहीत. त्यांना डोग्रा रेजिमेंटमध्ये घेतलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेरा राखलं, मार्चमध्ये झांगर परत घेतलं आणि ३ जुलैला तिथेच तोफगोळ्याने गेले. महावीर चक्र.

नंतरचं सांगायचं तर कारगिलला, जून १९९९ मध्ये तुर्तुक भागात ११ राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन पुढे जाऊन लढताना गेले. वीरचक्र मिळालं, आणि तो भाग आज ‘सबसेक्टर हनीफ’ म्हणून ओळखला जातो. श्रीनगरच्या १५ व्या कोअरची कमान, म्हणजे काश्मीर खोऱ्यात नियंत्रण रेषेवरची सगळी जबाबदारी, जनरल सय्यद अता हसनैन यांच्याकडे होती; तेही गढवाल रायफल्सचेच.

आणि ज्यांना नावं, तारखा, पदकं यात रस नाही त्यांनी सैन्यभरतीची जाहिरात काढून पाहावी. धर्मगुरू जेसीओच्या, म्हणजे कनिष्ठ अधिकारी दर्जाच्या, जागा निघतात, त्यात पंडित, ग्रंथी, पाद्री असतात आणि मौलवीही असतो. पलटणीत नमाज पढायला कुणी नसेल तर सरकार त्या मौलवीला पगार कशाचा देतं?